परसातल्या कोंबड्यांचे जंत : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं

मागच्या अंकात खुडूक कोंबडीबद्दल लिहिताना एक वाक्य सहज टाकलं होतं : अंड्यांवर बसवायच्या आधी तिला जंताचं औषध पाजा. बाकीचा मजकूर कुणी वाचला की नाही कळायला मार्ग नाही, पण त्या एका वाक्यावर १७ पत्रं आली. तेव्हा या वेळी दुसरा विषय नाही. ३४ वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, आता राजापूर तालुक्यात घरच्याच १९ कोंबड्या आणि एक माजोरडा कोंबडा सांभाळते. दोन्हीकडचं मिळून सांगतेय. जेवता जेवता मात्र वाचू नका.

प्रश्न : पाहुणे आले म्हणून पोळा करायला घेतला. सासूबाईंनी अंडं फोडलं तर वाटीत बोटभर लांब पांढरा जंत. तेव्हापासून घरात कुणी अंड्याला हात लावत नाही. आधीच्या अंड्यांतून किती पोटात गेले असतील? मुलांना काही होईल का? — एक वाचक भगिनी, गुहागर

काही होणार नाही. सासूबाईंना आधी हे सांगा.

वाटीत आला तो कोंबडीचा मोठा गोल जंत, अ‍ॅस्करिडिया गॅली. माणसाच्या पोटात होतो तो अ‍ॅस्करिस. नावं भाऊबंदांची असली तरी दोघांचं बिऱ्हाड वेगळं आहे; कोंबडीचा जंत माणसात संसार थाटत नाही. तो राहतो कोंबडीच्या लहान आतड्यात आणि त्याची मादी ७ ते १२ सेंटिमीटरपर्यंत वाढते. आता कोंबडीला मागचं दार एकच. शीट तिथूनच, अंडंही तिथूनच. एखादा जंत वाट चुकतो, बाहेर पडायच्या ऐवजी अंडनळीत वर चढतो आणि अंड्यावर कवच चढताना आत कोंडला जातो. हे क्वचित घडतं. मी स्वतः दोनदाच पाहिलं, आणि दोन्ही वेळा ते अंडं माझ्यापर्यंत स्टीलच्या डब्यातून, झाकण दोऱ्याने करकचून बांधून आलं होतं. जंत पळून जाईल ही भीती असावी.

ते अंडं टाकून द्या. बाकीची अंधाऱ्या खोलीत बॅटरीवर धरून बघा, आत दोऱ्यासारखी सावली दिसली तर बाजूला काढा. उरलेली नीट शिजवून खुशाल खा. पण वाट चुकायला जंत निघाला म्हणजे आत गर्दी झाली आहे, एवढं समजा. ‘हे अंडं कुठल्या कोंबडीचं’ हे शोधत बसू नका. सगळ्या एकाच अंगणात टोचतात, औषध सगळ्यांना एकाच दिवशी द्यायचं. कसं, ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : माझ्याकडे २२ गावठी कोंबड्या आहेत, त्यात ६ तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या. वर्षात तीनदा जंताचं औषध पाण्यातून दिलं, शेवटचं जुलैत. तरी हातात घेतल्या की छातीचं हाड लागतं. तुरे फिकट, अंडी निम्म्यावर. शिटेत तांदळाच्या कणीसारखं पांढरं दिसतं. खुराडं गोठ्याच्या पडवीतच आहे. दुकानदार म्हणतो, डोस दुप्पट करा. करू का? — वाचक, संगमेश्वर

करू नका. तिप्पट केलात तरी उपयोग नाही, कारण औषधच चुकलंय. तुम्ही पत्राला बाटलीचं लेबल सोलून चिकटवलंत हे फार बरं केलंत. ते पायपरझिन आहे. पायपरझिनने गोल जंत लुळा पडतो आणि आतड्याच्या हालचालीसरशी बाहेर ढकलला जातो. पण फक्त गोल जंत. तुमच्याकडे दिसते ती तांदळाची कणी म्हणजे चपट्या जंताची, पट्टकृमीची, तुटून पडलेली पेरं. त्याला पायपरझिन काय आणि साधं पाणी काय, सारखंच.

खात्री करायची असेल तर एखादी कोंबडी दगावल्यावर तिला लगेच पुरू नका, दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना समोर उघडायला सांगा. (एकाच दिवशी पाच-सहा गेल्या तर मात्र हात लावायचा नाही, न हलवता दवाखान्याला कळवायचं. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूने काय दाणादाण उडवली ते विसरू नका.) मी आतडं कात्रीने उभं चिरून पाणी भरलेल्या थाळीत सोडते. गोल जंत लगेच वेगळे होतात, शिजवलेल्या शेवयांसारखे, काही वळवळतही असतात. चपटे तसे सुटत नाहीत. परकराच्या नाडीसारखी पांढरी फीत पाण्यात हलत राहते, पण तिचं एक टोक आतड्यात रुतलेलं असतं. तिथे डोकं असतं. डोकं मागे राहिलं की फीत पुन्हा वाढते, म्हणून नुसत्या जुलाबाच्या औषधाने शिटेतून वीतभर फीत पडली तरी फसायचं नाही.

या चपट्यांपैकी एक जात आतड्याला बाहेरून दिसतील अशा गाठी आणते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी त्या गाठींना क्षयाच्या गाठी समजले आणि मालकाला सांगून टाकलं, सगळ्या कोंबड्या काढा. संध्याकाळी आमच्या साहेबांनी तीच गाठ चिरून भिंगाखाली जंताचं डोकं दाखवलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच सायकल दामटत गेले, तोवर त्याने ११ पैकी ४ कापून खाल्ल्याही होत्या. मला बघून म्हणाला, बाई, चवीला बऱ्या होत्या. तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे : आधी जंत कुठला ते बघायचं, मग बाटली उघडायची.

आता औषध. अल्बेंडाझोल गोल आणि चपट्या दोन्हींवर चालतं. गोल जंतांना किलोमागे १० मिलिग्रॅम पुरतं, चपट्यांना मी २० धरते. बाजारात २.५ टक्क्यांचं मिळतं, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम. तुमची कोंबडी सरासरी दीड किलोची धरली तर तिला ३० मिलिग्रॅम, म्हणजे १.२ मिलिलिटर. २२ कोंबड्यांना मिळून साधारण २६ मिलिलिटर. तलंगा हलक्या, त्यांना त्या मानाने कमी. घरातला तराजू काढा, चार-पाच कोंबड्या पिशवीत घालून खरंच वजन करा. डोळ्यांनी केलेलं वजन नेहमी चुकतं. पिसारा फुगलेली १ किलोची कोंबडी दोनची वाटते. चपटे फारच असतील तर प्राझिक्वांटेल जास्त खात्रीचं, पण ते डॉक्टरांनी वजन बघून द्यायचं औषध आहे. कुत्र्यासाठी आणलेली गोळी घरच्या घरी चौथाई करून कोंबडीला देऊ नका.

आणि हे औषध पाण्यातून नको. अल्बेंडाझोल पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं. वरचं निवळ पाणी पिणारी कोंबडी कोरडी राहते आणि शेवटी येणारी सगळा गाळ पिते. रात्री दाणा बंद ठेवा, सकाळी भरडा किंवा कोंडा ओलसर भिजवून त्यात औषध नीट कालवा आणि दोन-तीन पसरट भांड्यांत घाला, म्हणजे दांडग्या कोंबड्या दुबळ्यांना हुसकणार नाहीत. मी तर हल्ली एकेकीला पकडून सुई काढलेल्या सिरिंजनेच पाजते. चोचीच्या कडेने थेंब थेंब. जिभेच्या मुळाशी श्वासनळीचं तोंड असतं, घाईने पिचकारी मारलीत तर औषध फुप्फुसात जाईल आणि जंताआधी कोंबडी जाईल. कातरवेळी त्या खुराड्यात बसल्या की हे काम सोपं होतं, पाठलाग करावा लागत नाही.

तुमचं जुलैचं औषध वाया गेलं याचं दुसरंही एक कारण आहे, आणि ते मला माहीत आहे कारण मी तोच गाढवपणा केलाय. निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात पाण्यातून द्यायचं औषध व्यवस्थित मोजून भांड्यात कालवलं, भांडं खुराड्यापुढे ठेवलं आणि कौतुकाने बघत उभी राहिले. कोंबड्या भांड्याला वळसा घालून पागोळ्यांखाली गेल्या आणि चोची वर करकरून पावसाचं पाणी प्यायल्या. संध्याकाळी भांडं जसंच्या तसं. कोकणात जून ते सप्टेंबर कोंबडीला पाण्याची कमी नाही, ती औषधाचं कडू पाणी कशाला पिईल?

१५ ते २१ दिवसांनी दुसरी मात्रा द्या. पहिल्या वेळी जे पिल्लू-जंत आतड्याच्या अस्तरात दडलेले असतात ते तोवर बाहेर येतात. औषध दिल्यापासून लेबलावर जितके दिवस लिहिलेत तितके दिवस अंडी आणि मांस खायचं नाही. काहीच लिहिलेलं नसेल तर मी १० दिवस थांबायला सांगते. ती अंडी उबवायलाही ठेवू नका. कोंबड्या पिसं गाळत असतील तर नवी पिसं येईपर्यंत थांबा, या गटातल्या काही औषधांनी नवी पिसं वेडीवाकडी येतात.

एवढं सगळं करून अंगण तेच राहिलं तर तीन महिन्यांनी मला पुन्हा हेच पत्र लिहाल. चपटा जंत शिटेतून सरळ दुसऱ्या कोंबडीत जात नाही. मधे मुंगी, शेणातला किडा किंवा माशी लागते; तिने ती पेरं खायची आणि मग कोंबडीने तिला खायचं. तुमचं खुराडं गोठ्याच्या पडवीत. म्हणजे शेण, शेणात किडे, किड्यांवर कोंबड्या. खुराडं तिथून हलवा, निदान २०-२५ पावलं. गोठ्यातलं शेण रोज उचलून झाकल्या खड्ड्यात टाका.

गोल जंताचं याच्या उलट. त्याला मधे कुणी लागत नाही. शिटेतून पडलेली त्याची अंडी ओल आणि ऊब मिळाली की दोन-तीन आठवड्यांत तयार होतात, आणि सावलीतल्या ओल्या मातीत महिनोन्‌महिने वाट बघत बसतात. फिनेलला ती दाद देत नाहीत, कवच जाड असतं. चुन्याने जागा कोरडी होते, तेवढाच त्याचा उपयोग. त्यांना मारतं ते ऊन आणि आग. तुम्ही भातवाले, राब म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला तुम्हाला शिकवायला नको. मे महिन्यात खुराड्याखालची चार बोटं माती खरवडून काढा, पालापाचोळा-गोवऱ्या पसरून जागा राबासारखी भाजा आणि वर कोरडी माती नि भाताचं तूस घाला. खरवडलेली माती भाजीच्या वाफ्यात टाकू नका. कोंबड्या आधी तिथेच जातील. मी दर वर्षी भाजते. शेजारी पहिल्या वर्षी विचारत होते, डॉक्टरबाई खुराड्यात भात लावणार का?

प्रश्न : ४० पिल्लं आणली. चौथ्या आठवड्यात रक्ताळ शीट सुरू झाली. जंत समजून अल्बेंडाझोल दिलं. तीन दिवसांत ९ पिल्लं गेली. औषध जुनं होतं का? — वाचक, शिरोळ

औषध ताजं असतं तरी गेली असती. हे जंत नव्हेत, ही रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिया. आतड्याच्या पेशी फोडणारा सूक्ष्म जीव आहे तो, जंताच्या औषधाला ऐकत नाही. हिशोब करून बघा : गोल जंत पोटात गेल्यापासून मोठा होऊन अंडी घालायला ५ ते ८ आठवडे घेतो. ४ आठवड्यांची पिल्लं रक्ताळ हगून पटापट मरतात तेव्हा पहिला संशय कॉक्सिडियाचाच घ्यायचा.

आजच्या आज दवाखान्यातून अँप्रोलियम आणा आणि सांगतील तितके दिवस पाण्यातून द्या. अशक्तपणा आला म्हणून सोबत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. अँप्रोलियम बी-१ जीवनसत्त्वाचं सोंग घेऊनच त्या जीवाला उपाशी मारतं. तुम्ही वरून खरं बी-१ पाजलंत तर त्याची मेजवानी. टॉनिक नंतर. खालचं ओलं तूस आजच काढून फेका, पाण्याचं भांडं विटेवर उचलून ठेवा, म्हणजे सांडलेल्या पाण्याचा चिखल होणार नाही. पिल्लं मोठ्या कोंबड्यांत सोडली असतील तर वेगळी करा. मोठ्यांना काही होत नाही, पण त्याच रोग बाळगतात, जंतही आणि हाही.

उरलेली ३१ वाचली की सातव्या आठवड्यात त्यांना जंताचं औषध द्या. आठव्या आठवड्यात मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, आर-टू-बी लस टोचतात, त्याच्या आठवडाभर आधी पोट साफ असलं की लस चांगली लागू पडते.

प्रश्न : आमच्याकडे जंतावर तंबाखूचं पाणी देतात. काही जण मोरचूद देतात. लसूण, पपईचा चीक, वावडिंग, राख असंही ऐकलं. यातलं खरं काय? रासायनिक औषध नको वाटतं. — वाचक, धारणी

तंबाखू आणि मोरचूद ही तुमच्या मते रसायनं नाहीत का?

तंबाखूतल्या निकोटीनने जंत मरतात हे खरं आहे. कोंबडीही मरते हे तितकंच खरं, आणि दोन्हींच्या मधे अंतर इतकं थोडं आहे की घरातल्या चिमटीने ते मोजता येत नाही. मोरचुदाने अन्नाची पिशवी पोळते, त्यातलं तांबं यकृतात साचतं. दोन्ही बंद.

वावडिंग आणि पळसपापडी ही जंतावरची आपली जुनीजाणती औषधं आहेत, पपईच्या चिकात जंताचं कातडं विरघळवणारं द्रव्यही आहे. पण दीड किलोच्या कोंबडीला किती, हे मी स्वतः मापाने देऊन शिटेत उतार पाहिलेला नाही, म्हणून सल्ला देणार नाही. लसूण घाला, त्या आवडीने खातात. जंतांनाही आवडत असावा, कारण ते जागचे हलत नाहीत. राख पोटात नको, खड्ड्यात हवी. कोरड्या मातीत राख मिसळून ठेवलीत तर कोंबड्या त्यात लोळतात आणि उवा-पिसवा कमी होतात. पोटातल्या जंतांशी तिचा संबंध नाही.

हिरवा पाला मात्र भरपूर द्या, शेवगा, मेथीच्या काड्या, गाजराची पानं. अ जीवनसत्त्व कमी पडलेल्या पक्ष्यात गोल जंत जास्त माजतात.

प्रश्न : कोंबड्यांबरोबर ६ टर्की पाळल्या. कोंबड्या ठणठणीत, टर्की मात्र गंधकासारखी पिवळी हगवण लागून एकेक जातेय. ४ गेल्या. हा काय प्रकार? — वाचक, निफाड

बहुधा ‘काळं डोकं’ म्हणतात तो रोग, आणि तो तुमच्या ठणठणीत कोंबड्यांनीच दिलाय. कोंबडीच्या मोठ्या आतड्याला दोन आंधळ्या पिशव्या असतात, त्यांत जेमतेम १ ते दीड सेंटिमीटरचा एक जंत राहतो, हेटेराकिस. कोंबडीला त्याचा फारसा त्रास नसतो. पण त्याच्या अंड्यात एक सूक्ष्म जीव लपून बसतो आणि अंड्याच्या कवचात मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतो. गांडुळं ती अंडी खातात, टर्की गांडूळ खाते. तिच्या यकृतावर गोल, मधे खोलगट डाग पडतात. मेलेली टर्की उघडली की ते दिसतीलच, तसं करून घ्या.

उरलेल्या दोघींना आज वेगळं काढा, आणि जिथे कधी कोंबडी फिरलेली नाही अशा जागेत ठेवा. गच्ची असेल तर गच्चीवर. कोंबड्यांना जंताचं औषध द्या. टर्की आणि कोंबडी एका अंगणात, हा बेत सोडून द्या.

प्रश्न : तुम्ही नेहमी ‘शीट तपासून घ्या’ म्हणता. कुठे, कशी, किती? थेट तुम्हाला पाठवली तर चालेल का? — वाचक, मंगळवेढा

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असेल तर तिथेच काम होतं. नाहीतर जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, अडलेली प्रकरणं तिथे जातात.

सकाळी खुराडं उघडल्याबरोबर ८-१० ठिकाणची ताजी शीट काडीने उचलायची, माती न लागलेली. झाकणाच्या स्वच्छ बाटलीत गच्च भरायची आणि त्याच दिवशी पोचवायची. उशीर होणार असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, वर चिठ्ठी लावून. चिठ्ठी विसरू नका, घरात लोणच्याच्या बाटल्याही तशाच दिसतात. तपासणारा ती शीट मिठाच्या घट्ट पाण्यात कालवतो, जंताची अंडी हलकी म्हणून वर तरंगतात आणि काचेला चिकटतात. १० मिनिटांचं काम. एकदा काही दिसलं नाही म्हणजे जंत नाहीत असं मात्र नव्हे, कोवळे जंत अंडी घालत नाहीत. तीन आठवड्यांनी पुन्हा द्या.

मला पाठवू नका. पोस्टाने तर नकोच. गेल्या वर्षी एकांनी पाठवली होती, पेढ्यांच्या खोक्यात, वर लाल दोरा बांधून. ते खोकं मी नव्हे, आमच्या ह्यांनी उघडलं.